परतावा, पण कोणाच्या नाण्यात?

वस्तू परत केली किंवा पैसे भरलेली सेवा मिळालीच नाही, आणि पैशांऐवजी हातावर व्हाउचर टेकवले गेले, की एक ठरावीक वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, ‘रक्कम पुरेपूर दिली ना? मग तक्रार कसली?’ दुसरी बाजू म्हणते, ‘ही उघड लूट आहे.’ मग गाडी मुदतीवर येते. सहा महिने पुरेत की वर्ष हवे, वर्ष पुरे की तीन वर्षे हवीत, यावर दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. ग्राहकाचे पैसे विक्रेत्याकडे गेले, त्या बदल्यात जे मिळायचे होते ते मिळाले नाही, तर त्या क्षणी घेणेकरी कोण आणि देणेकरी कोण? आणि देणे कोणत्या नाण्यात फेडायचे हे देणेकऱ्यानेच ठरवायचे, असा व्यवहार आपण दुसरीकडे कुठे चालवून घेतो?

माझे म्हणणे असे आहे. जिथे पैसे परत मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, तिथे परतावा हे विक्रेत्याच्या डोक्यावरचे देणे आहे आणि ते पैशांतच फिटले पाहिजे. पैसे घेण्याचा मार्ग समोर खुला असताना ग्राहकाने स्वतःहून व्हाउचर पसंत केले, तर प्रश्नच मिटला. परंतु ही पसंती परताव्याच्या वेळी दिलेली हवी, खरेदीच्या वेळी बारीक अक्षरांतल्या अटींखाली गृहीत धरलेली नव्हे. याउलट जिथे असा हक्क नाही आणि विक्रेता केवळ चांगुलपणाने वस्तू परत घेतो आहे, तिथे त्याने व्हाउचर दिले तर त्यात काहीच गैर नाही. एवढा भेद ध्यानात ठेवला तर निम्मा वाद जागीच निकालात निघतो.

हा भेद हरवतो कारण आपण ‘परतावा’ हा एकच शब्द निरनिराळ्या गोष्टींना लावतो. घरी आणलेला सदरा आरशासमोर उभे राहिल्यावर आवडला नाही, ही एक गोष्ट. सदऱ्याची शिवण पहिल्याच धुण्यात उसवली, ही अगदी दुसरी. पहिल्यात विक्रेत्याची काही चूक नाही. त्याने माल चोख दिला, मन ग्राहकाचे बदलले. दुकानात प्रत्यक्ष पाहून, हाताळून घेतलेली वस्तू केवळ मन बदलले म्हणून परत करण्याचा हक्क बहुतेक देशांतले कायदे देत नाहीत, आणि तो द्यावा असे मलाही वाटत नाही. शिवण उसवते तेव्हा मात्र करार मोडलेला असतो आणि तो विक्रेत्याने मोडलेला असतो. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे. वस्तू न पाहता, घरबसल्या मागवली, तर काही दिवस विचार बदलण्याची मुभा अनेक कायद्यांनी दिली आहे, कारण चित्र पाहून घेणे आणि हातात धरून पाहणे यांत फरक आहे. युरोपीय संघाच्या 2011च्या ग्राहक हक्क निर्देशात ही मुभा 14 दिवसांची आहे, आणि ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने ते परत करावेत, ग्राहकाने स्पष्टपणे दुसरे काही मान्य केले असेल तरच वेगळा मार्ग चालेल, असे त्यात लिहिले आहे. ब्रिटनच्या 2015च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तूंच्या परताव्यालाही हेच सूत्र लावले. ऑस्ट्रेलियाचा कायदा आणखी थेट बोलतो: परत द्यायच्या रकमेच्या बदल्यात ‘आमच्याकडूनच दुसरे काही घ्या’ असे सांगून विक्रेत्याला मोकळे होता येत नाही. भारताच्या 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेऊन त्याचा मोबदला परत करण्यास, पावतीवर लिहिलेल्या मुदतीत किंवा तशी मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. मोबदला म्हणजे ग्राहकाने जे दिले ते. ग्राहकाने व्हाउचर दिले नव्हते. (व्हाउचर देऊनच खरेदी केली असेल तर परतावाही व्हाउचरनेच व्हावा, त्यावर कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही.)

म्हणजे कायद्याची दिशा धूसर नाही. तरीही काउंटरवर आणि मोबाइलच्या पडद्यावर व्यवहार उलटाच होतो आणि ग्राहक तो निमूटपणे मान्य करतो. का करतो? कारण ‘रक्कम तर तेवढीच आहे’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. तेव्हा तोच आधी तपासू.

काही काळापूर्वी मी चाकांची एक प्रवासी बॅग परत केली. पहिल्याच प्रवासात तिची ओढण्याची दांडी हातात आली होती. काउंटरवरच्या मुलीने दांडी पाहिली, हळहळ व्यक्त केली, एकही आडवा प्रश्न न विचारता बॅग आत ठेवली आणि विचारले, “सर, व्हाउचर चालेल ना?” मी मागच्या रांगेकडे पाहत “हो” म्हणालो. यंत्रातून चिठ्ठी निघाली. वर ठसठशीत रक्कम, खाली संकेतांक, त्याखाली शेवटची तारीख, आणि त्याही खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चार ओळी: एकाच खरेदीत वापरावे, उरलेली रक्कम परत मिळणार नाही, सवलतीच्या मालावर लागू नाही, अन्य योजनेसोबत वापरता येणार नाही, हरवल्यास दुसरे मिळणार नाही. पुढे बॅग घ्यायला गेलो तर बॅगांचा सगळा कप्पाच सवलतीत होता, म्हणजे मला हवी ती एकमेव वस्तू सोडून बाकी सारे दुकान माझ्यासाठी खुले होते. पुन्हा केव्हातरी येऊ म्हणून परतलो. त्यानंतर चिठ्ठी पाकिटातून काढली तेव्हा ती कोरी होती. उष्णतेने छपाई होणाऱ्या त्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत विरतात. पाकिटाच्या उबेत तर लवकरच. यात कोणी मला फसवले असे मी म्हणत नाही. प्रत्येकजण आपापल्या ठिकाणी नियमाप्रमाणेच वागत होता.

आता त्या चार ओळी वर छापलेल्या रकमेतून वजा करून पाहा. उरलेली रक्कम बुडणार असेल तर ग्राहक एक तर काही सोडून देतो, नाही तर पदरचे आणखी घालून रकमेपेक्षा मोठी खरेदी करतो. दोन्हींत फायदा दुकानाचा. सवलतीचा माल वर्ज्य असेल तर त्याच वस्तूला व्हाउचरवाला इतरांपेक्षा जास्त भाव मोजतो. मुदत असेल तर रक्कम रोज थोडी झिजते आणि शेवटच्या तारखेला एकदम शून्य होते. पैशांना यातले काहीच लागू नाही. त्यांना तारीख नसते आणि ते कोणत्याही दुकानात चालतात. दोन गोष्टींवर आकडा एकच छापला म्हणून त्यांची किंमत एक होत नाही, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागते का? जिथे लोक आपल्याकडची न वापरलेली गिफ्ट कार्डे विकतात, तिथे ती छापील किमतीपेक्षा कमी भावात जातात. घेणाऱ्याला ठाऊक असते की हा पैसा एका दावणीला बांधलेला आहे. ‘रक्कम तेवढीच’ या म्हणण्याला बाजाराने स्वतःच दिलेले हे उत्तर आहे.

हिशेबनिसांचे उत्तर तर याहून रोखठोक आहे. आधी पैसे घेऊन दिलेल्या हक्कांपैकी काही हक्क ग्राहक कधीच वापरणार नाहीत, हे कंपन्यांना अनुभवाने माहीत असते. या न वापरल्या जाणाऱ्या भागाला हिशेबाच्या भाषेत ‘ब्रेकेज’ म्हणतात. 2018पासून लागू असलेले आंतरराष्ट्रीय लेखामानक, आयएफआरएस 15, सांगते की हा भाग किती असेल याचा भरवशाचा अंदाज कंपनीला बांधता येत असेल, तर बाकीचे ग्राहक आपले हक्क वापरत जातील त्या प्रमाणात तिने तो उत्पन्न म्हणून दाखवावा. मानकाचे यात काही चुकत नाही. जे घडते त्याची नोंद कशी करावी एवढेच ते सांगते. पण घडते काय ते पाहा. विसरलेली, हरवलेली, मुदत टळलेली, कोरी पडलेली चिठ्ठी हा अपघात नसून ताळेबंदात आधीच धरलेली गोष्ट आहे. रोख परताव्यात ब्रेकेज नसते, कारण खात्यावर जमा झालेले पैसे कोणी ‘वापरायला विसरत’ नाही.

हे सारे नवे आहे असे समजण्याचे कारण नाही. देणे फेडताना स्वतःच्या दुकानात चालणारी चिठ्ठी देण्याची युक्ती फार जुनी आहे, आणि तिचा सर्वांत मोठा प्रयोग मजुरीवर झाला. इंग्लंडमध्ये कापड व्यवसायातील मजुरांना मालाऐवजी खऱ्या, कायदेशीर नाण्यांत मजुरी द्या, असे पंधराव्या शतकात चौथ्या एडवर्डच्या काळातच कायद्याने सांगावे लागले होते. औद्योगिक क्रांतीत खाणी आणि कारखाने वाढले तशी ही प्रथाही फोफावली: मालक मजुरीच्या जागी चिठ्ठी देई, चिठ्ठी चाले मालकाच्याच दुकानात, आणि त्या दुकानातला माल महाग व हलका असल्याच्या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या होत राहिल्या. 1831च्या ट्रक अ‍ॅक्टने (इथे ‘ट्रक’ म्हणजे वाहन नव्हे, पैशांऐवजी मालाच्या रूपात मजुरी देण्याची प्रथा) मजुरी चलनी नाण्यांतच द्यावी असे ठरवले आणि ती कुठे खर्च करावी हे सांगणारी करारातली अटही निरर्थक ठरवली. अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींत हेच खाणमालकांच्या चिठ्ठ्यांच्या आणि टोकनांच्या रूपात चालले. मेक्सिकोत तिएंदा दे राया नावाची मालकांची दुकाने होती. 1907च्या जानेवारीत रिओ ब्लांकोच्या कापड गिरणी कामगारांचा उद्रेक झाला तेव्हा संतापाचा पहिला तडाखा अशाच दुकानाला बसला, आणि दहा वर्षांनी आलेल्या राज्यघटनेच्या 123व्या कलमाने व्हाउचर व टोकनांतून मजुरी देण्यास बंदी घातली. पुढे 1949च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मजुरी संरक्षण करारात हीच बंदी सर्व देशांसमोर ठेवली गेली. त्याच्या तिसऱ्या कलमात वचनचिठ्ठी आणि कूपन यांच्यासोबत ‘व्हाउचर’ हा शब्द जसाच्या तसा आहे.

इथे कोणी म्हणेल की ही तुलना ताणलेली आहे. मजुरी हे पोट आहे. न बसलेल्या विमानाचे भाडे किंवा उसवलेला सदरा म्हणजे पोट नव्हे. हे मला मान्य आहे. खाणमजुराच्या गळ्याभोवतीचा फास आणि माझ्या पाकिटातली कोरी चिठ्ठी यांना एका तागडीत तोलणे हा त्या मजुराचा अपमान होईल. माझा मुद्दा दुःखाच्या वजनाचा नाही, यंत्रणेच्या रचनेचा आहे, आणि त्या प्रथेच्या समर्थकांचे युक्तिवाद वाचले तर रचना किती सारखी आहे ते दिसते. ते म्हणत, आमच्या दुकानात हवे ते सर्व मिळते, मग बाहेर जायचे कशाला? ते म्हणत, सुट्या नाण्यांचा तुटवडा आहे, रोख आणायची कुठून? (आणि हा तुटवडा एके काळी खरोखरच होता.) ते म्हणत, मजुराने चिठ्ठी स्वखुशीने घेतली आहे, दोन शहाण्या माणसांच्या करारात सरकारने का पडावे? आज व्हाउचरच्या बाजूने जे बोलले जाते त्यात या तिन्हींपलीकडचे किती असते?

यांतला शेवटचा युक्तिवाद 1901मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. टेनेसी राज्याने कायदा केला होता की मालकाने मजुरीपोटी दिलेली चिठ्ठी सादर झाली की तिचे रोख पैसे दिलेच पाहिजेत. नॉक्सव्हिल आयर्न कंपनीविरुद्ध हार्बिसन या खटल्यातला हार्बिसन हा कंपनीचा मजूर नव्हताच. त्याने मजुरांकडून कोळशाच्या चिठ्ठ्या विकत घेतल्या होत्या आणि कंपनीकडे तो त्यांचे रोख पैसे मागत होता. करारस्वातंत्र्याच्या नावाने कंपनीने केलेला प्रतिवाद न्यायालयाने मान्य केला नाही आणि कायदा टिकला. मला या खटल्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या कायद्याने चिठ्ठी देण्याला बंदी केली नव्हती. चिठ्ठी द्या, पण मागितल्यावर तिचे पैसे करून द्या, एवढीच ती अट होती. चिठ्ठी खरोखर पैशांइतकी चांगली असेल, तर या अटीने कोणाचे काय बिघडणार होते?

चिठ्ठी म्हटली की आपल्याकडच्या कोणाला हुंडी आठवेल, आणि कोणी असेही विचारील की कागदाचा व्यवहार आपल्या व्यापाराला कधी वर्ज्य होता? नव्हता. पण हुंडी कशासाठी होती? एका गावी भरलेले पैसे दुसऱ्या गावी पैसे म्हणूनच मिळावेत यासाठी. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदती हुंडी मुदत भरल्यावर वटायची. म्हणजे मुदत संपली की हुंडीचे पैसे होत आणि मुदत संपली की व्हाउचरची रद्दी होते. कागद दोन्हीकडे आहे. एक पैशाला वाट करून देतो, दुसरा त्याची वाट अडवतो.

आता विरोधी बाजूच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे येऊ, कारण त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2020च्या वसंतात सारे जग एकाच आठवड्यात थांबल्यासारखे झाले. विमाने उभी राहिली, सहली रद्द झाल्या, नाट्यगृहांना कुलपे लागली. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तेव्हा अंदाज दिला होता की दुसऱ्या तिमाहीअखेर परत द्यावयाच्या तिकिटांची रक्कम 35 अब्ज डॉलरच्या घरात जाईल. उत्पन्न शून्य आणि परताव्याची मागणी सर्वांची एकाच वेळी, अशा स्थितीत प्रत्येकाला रोख परत करायला लावले तर कंपन्या बुडतील, मग परतावाही नाही आणि विमानही नाही, असा तो युक्तिवाद होता. युरोपीय संघातल्या 12 देशांनी परताव्याऐवजी व्हाउचर देण्याची तात्पुरती सूट मागितली. काहींनी देशांतर्गत कायद्याने ती देऊनही टाकली. मला या युक्तिवादात तथ्य दिसते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय व्हाउचर स्वीकारणाऱ्या अनेकांनी ते नाइलाजाने स्वीकारले नव्हते. आपल्या गावातले नाट्यगृह वा लहान प्रवासी कंपनी तगावी म्हणून त्यांनी पैसे आनंदाने अडकवून ठेवले. त्या उदारपणाला मी नावे ठेवणार नाही.

पण उदारपणा आणि सक्ती यांतली रेघ नेमकी इथेच ओढायची असते. संकटात सापडलेल्या व्यवसायाला उसने भांडवल लागते, हे खरे; ते कोणाकडून आणि कोणत्या अटींवर घ्यायचे, हा पुढचा प्रश्न आहे. बँक कर्ज देते तेव्हा व्याज घेते, तारण घेते, आणि नको वाटले तर नाही म्हणते. सक्तीचे व्हाउचर घेणारा ग्राहकही कर्जच देत असतो, फक्त बिनव्याजी, बिनतारणाचे आणि नाही म्हणण्याची सोय नसलेले. तो स्वतःही त्याच संकटात असतो. कदाचित त्याची नोकरी त्याच महिन्यात गेलेली असते. सर्वांत स्वस्त कर्ज सर्वांत दुबळ्या सावकाराकडून जबरदस्तीने उचलायचे, हा आर्थिक शहाणपणा असेलही. त्याला न्याय कसे म्हणायचे?

त्या काळात निरनिराळ्या यंत्रणांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे, कारण ‘दुसरा इलाजच नव्हता’ हे म्हणणे तिथे तपासून मिळते. युरोपीय आयोगाने 13 मे 2020 रोजी शिफारस केली ती अशी: व्हाउचर खुशाल द्या, पण स्वीकारणे ग्राहकाच्या मर्जीवर ठेवा, ते आकर्षक करा, कंपनी बुडाली तरी ते बुडणार नाही अशी हमी द्या, आणि न वापरल्यास पैसे परत करा. ज्या देशांनी नियमांना मुरड घातली होती त्यांतल्या 10 देशांविरुद्ध आयोगाने जुलैत कारवाई सुरू केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी ‘प्रवासी लीगल सेल’ या संस्थेच्या याचिकेवर दिलेला निर्णय मला व्यवहार आणि तत्त्व यांची सांगड म्हणून लक्षणीय वाटतो. टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तात्काळ परत करायचे होते. इतर काही तिकिटांच्या बाबतीत, अडचणीतल्या कंपनीला 31 मार्च 2021पर्यंत ‘क्रेडिट शेल’, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी वापरता येईल अशी जमा रक्कम, देण्याची मुभा होती. पण तो दुसऱ्याच्या नावावर करता येणार होता, त्याची किंमत 30 जून 2020पर्यंत दरमहा 0.5 टक्के आणि पुढे दरमहा 0.75 टक्के वाढत जाणार होती, आणि मुदतीअखेर वापरला नाही तर पैसे परत करावे लागणार होते. तपशील नीट पाहा. दरमहा वाढ म्हणजे व्याज; हस्तांतर म्हणजे दावण सैल; शेवटी रोख म्हणजे मूळ देणे जिवंत. न्यायालयाने व्हाउचरला मान्यता दिली ती त्याचे कर्जरोख्यात रूपांतर करून. याला माझा विरोध असण्याचे कारण नाही.

आणि मग 8 जून 2023 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने फ्रान्समधल्या ग्राहक संघटनांच्या प्रकरणात निकाल दिला. फ्रान्सने 2020मध्ये सहल कंपन्यांना पैशांऐवजी 18 महिने चालणारे व्हाउचर देण्याची मुभा दिली होती. न्यायालय म्हणाले की संयुक्त सहलींच्या (प्रवास, मुक्काम वगैरे एकत्र विकल्या जाणाऱ्या पॅकेज सहलींच्या) निर्देशात ‘परतावा’ म्हणजे रकमेच्या रूपातला परतावा. महासाथीमुळे आलेली आर्थिक चणचण हे तो पुढे ढकलण्याचे समर्थन होऊ शकत नाही. कंपन्यांना मदत करायची तर सरकारपुढे इतर मार्ग होते. म्हणजे संकटाचा बोजा वाहायचाच असेल तर तो सरकारी तिजोरीतून सर्वांनी मिळून वाहावा, ज्यांनी योगायोगाने त्या महिन्यात तिकीट काढले होते त्यांच्याच खांद्यावर टाकू नये. मला हा निकाल कठोर वाटतो, चुकीचा वाटत नाही.

कंपनी बुडण्याची भीती हा व्हाउचरच्या बाजूचा युक्तिवाद समजला जातो, पण तो उलट्या बाजूनेही चालतो. कंपनी खरोखर बुडाली तर व्हाउचरधारकाचे काय होते? तो विनातारण धनकोंच्या रांगेत, बहुधा शेपटाशी उभा राहतो. जानेवारी 2013मध्ये ब्रिटनमधली संगीत व चित्रपट विकणारी एचएमव्ही ही साखळी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली, तेव्हा दुकाने उघडी होती, माल फडताळांवर होता, रोखीने खरेदी चालू होती, आणि गिफ्ट कार्डे मात्र नाकारली जात होती. लोकांचा रोष झाल्यावर काही दिवसांत ती पुन्हा स्वीकारली गेली. पण ती कृपा होती, हक्क नव्हता.  ज्या कंपनीला आज पैसे परत करणे परवडत नाही, तिचे पुढच्या वर्षीचे वचन आज रोखीइतके पक्के मानायला सांगणे म्हणजे सर्वांत अशक्त देणेकऱ्यावर सर्वांत लांबचा विश्वास टाकायला सांगणे आहे.

फसवणुकीचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. चोरलेली वस्तू परत करून रोख उकळणारे लोक असतात, हे खरे. पावती नसलेल्या वस्तूला रोख देऊ नये, हेही खरे. पण पैसे ज्या कार्डावरून वा खात्यातून आले तिथेच परत गेले, तर चोराच्या हाती काही लागतच नाही; उलट व्हाउचर तो सहज विकू शकतो. चोराला आवर घालायचा तर रोखून धरायला हवे ते व्हाउचर. आणि प्रामाणिक ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर त्याने एकदा व्हाउचर घेतले की कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘परतावा मिळाला नाही’ अशी दाद मागण्याची वाटही बहुधा बंद होते.

राहता राहिला संमतीचा प्रश्न, आणि मला सर्वांत अवघड वाटतो तो हाच. मी स्वतः “हो” म्हणालो होतो. मग माझी तक्रार कशाच्या बळावर? ‘चालेल ना?’ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा प्रश्न आहे. त्यात उत्तर आधीच भरलेले असते. नाही म्हणणाऱ्याला भांडखोर ठरण्याची तयारी ठेवावी लागते. मागे रांग उभी, समोरची मुलगी हसतमुख, आणि दोष तर तिचा नाहीच. अशा वेळी निघालेल्या ‘हो’ला संमती म्हणायचे की शिष्टाचार? विमान प्रवाशांच्या बाबतीत युरोपीय संघाच्या 2004च्या नियमाने हे ओळखले होते: परतावा रोख, बँकेमार्फत किंवा धनादेशाने, व्हाउचर हवे तर प्रवाशाच्या सहीची लेखी संमती हवी. अमेरिकेच्या परिवहन खात्याने 2024च्या नियमात आणखी पुढचे पाऊल टाकले. विमान रद्द झाले आणि प्रवाशाने पर्याय स्वीकारला नाही, तर त्याने मागण्याची वाट न पाहता पैसे मूळ मार्गाने आपोआप परत जायचे, क्रेडिट कार्डाने भरले असतील तर कामाच्या 7 दिवसांत, इतर मार्गांनी भरले असतील तर 20 दिवसांत. यातले ‘आपोआप’ हे सर्वांत मोलाचे. हक्क मागावा लागला की तो जोरात बोलणाऱ्यांचा होतो. वृद्ध, संकोची, घाईतले आणि अटी न वाचणारे, म्हणजे आपण बहुतेकजण, मागे राहतो. 2022च्या नोव्हेंबरमध्ये याच खात्याने 6 विमान कंपन्यांकडून 60 कोटी डॉलरहून अधिक परतावा प्रवाशांना मिळाल्याचे जाहीर केले. हक्क आधीपासून होताच; तो वसूल व्हायला एवढा खटाटोप लागला.

व्हाउचरवर दहा टक्के वाढवून देतात, त्याचे काय? उत्तम. समोर दोन पर्याय ठेवा, पैसे हवे तर शंभर, व्हाउचर हवे तर एकशे दहा, आणि ग्राहकाला निवडू द्या. दावणीला बांधलेल्या पैशाची किंमत कमी असते हे इथे विक्रेत्याने स्वतःच कबूल केलेले असते आणि तो फरक भरून देऊ केलेला असतो. अशा सौद्याला मी आनंदाने ‘हो’ म्हणेन.

चांगुलपणाने दिलेल्या व्हाउचरबद्दल एवढेच. लहान दुकानदाराने मन बदललेल्या गिऱ्हाइकाला रोख द्यावी अशी सक्ती केली तर तो वस्तू परत घेणेच बंद करील, आणि ते कोणाच्याच हिताचे नाही. त्याला व्हाउचर देऊ द्या. मात्र हे खरेदीआधी स्पष्ट दिसेल असे लिहिलेले असावे, उरलेली रक्कम जिवंत राहावी, आणि मुदत असलीच तर वर्षांत मोजण्याजोगी असावी. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर 2019पासून गिफ्ट कार्डांना किमान 3 वर्षांची मुदत सक्तीची केली, अमेरिकेने 2009च्या कायद्याने किमान 5 वर्षांची. भेट म्हणून घेतलेल्या कार्डाला जी मुदत मिळते ती परताव्याच्या चिठ्ठीला का मिळू नये, याचे पटेल असे कारण मला अजून कोणी सांगितलेले नाही.

कोरी चिठ्ठी घेऊन मी पुन्हा त्या काउंटरवर गेलो होतो. तीच मुलगी होती. तिने माझ्या फोन नंबरावरून व्हाउचर शोधून काढले. मुदत दोन आठवड्यांपूर्वी संपली होती. मी विचारले, “तेव्हाच पैसे परत मागितले असते तर?” तिने थोडा विचार केला, मग पडदा माझ्याकडे वळवला आणि परताव्याचा रकाना उघडून दाखवला. त्यात कारण लिहायला जागा होती, रक्कम लिहायला जागा होती आणि खाली एकच बटण होते.